मौलाबक्ष आणि बडोद्याची गायनशाळा : राजदरबारापासून विद्यापीठापर्यंत

प्रस्तावना

भारतीय संगीताच्या संस्थात्मक शिक्षणाचा इतिहास सांगताना मराठी वाचकासमोर दोन नावे प्रामुख्याने येतात. पहिले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे व दुसरे पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. भातखंड्यांनी रागांचे थाट-पद्धतीने वर्गीकरण करून हजारो बंदिशी स्वरलिपीबद्ध केल्या. या दोघांचे कार्य निर्विवाद मोठे आहे. तथापि लाहोरच्या संस्थेपूर्वी पंधरा वर्षे, १८८६ मध्ये, बडोदा संस्थानात राज्याच्या खर्चाने चालणारी एक गायनशाळा सुरू झाली होती. तेथे वर्ग होते, पाठ्यपुस्तके होती, स्वरलिपी होती. या शाळेचे प्रवर्तक प्रा. मौलाबक्ष घिस्सेखान होत. त्यांच्या पुत्राने पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे शिक्षण लंडनमध्ये घेतले, तर मूळ शाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची एक विद्याशाखा बनली. आज विद्यापीठांतून संगीत हा पदवीचा विषय आहे. या व्यवस्थेचे एक उगमस्थान बडोद्यात आहे, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही.

प्रस्तुत लेखात मौलाबक्ष यांचे जीवन, गायनशाळेची रचना, बँड व वाद्यवृंद यांच्यामुळे निर्माण झालेले शास्त्रीय प्रश्न आणि या वारशाचे आजच्या महाविद्यालयीन शिक्षणातील स्थान यांचा विचार केला आहे.

१. जीवनपट

मौलाबक्ष यांचा जन्म १८३३ मध्ये उत्तर भारतात झाला. त्यांचे मूळ नाव चोलेखान. कुटुंबात चालत आलेल्या आख्यायिकेनुसार तरुणपणी त्यांना कुस्तीचा नाद होता. एका फकिराने त्यांचे गाणे ऐकून त्यांना ‘मौलाबक्ष’ हे नाव दिले आणि तेव्हापासून त्यांनी संगीताला वाहून घेतले. घसीटखान या उस्तादांचे गायन त्यांनी आरंभी चोरून ऐकले व नंतर त्यांचे शिष्यत्व मिळवले, अशीही कथा सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला तरी त्या काळातील विद्यादानाची रीत या कथेतून स्पष्ट होते. विद्या घराण्यात राहत असे. बाहेरच्या व्यक्तीला ती मिळालीच तर उस्तादांच्या मर्जीने मिळे. पुढे ज्या माणसाने संगीत छापील पुस्तकात उतरवून शाळकरी मुलांच्या हाती दिले, त्याचा स्वतःचा विद्याभ्यास अशा वातावरणात झाला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मौलाबक्ष यांच्या जीवनातील दुसरी निर्णायक घटना म्हणजे त्यांचा दक्षिणेतील प्रवास. म्हैसूर दरबारात त्यांचा कर्नाटक संगीताशी जवळून परिचय झाला. दाक्षिणात्य संगीतात मेलकर्त्यांची आखीव व्यवस्था होती, तालांची स्पष्ट गणना होती. विद्यार्थ्याला सरळी-अलंकारांपासून गीत, वर्ण, कृती अशा क्रमाने नेणारी शिक्षणपरंपराही तेथे होती. उत्तरेकडील उस्तादी तालमीत असा लिखित क्रम नव्हता. मौलाबक्ष यांनी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला आणि म्हैसूर दरबाराने कलगी, शिरपेच, छत्र आदी मानचिन्हे देऊन त्यांचा गौरव केला. शिक्षणाची पायरीबद्ध मांडणी आणि गायनशाळेचा अभ्यासक्रम यांमधील नाते या दाक्षिणात्य अनुभवाच्या संदर्भात पाहावे लागते.

बडोद्याशी त्यांचा संबंध खंडेराव गायकवाड (कारकीर्द १८५६-१८७०) यांच्या काळात आला. मध्यंतरी ते अन्यत्र गेले व पुन्हा परतले. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावचा एक मुलगा दत्तकविधानाने सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर आला. १८८१ च्या अखेरीस सयाजीरावांना पूर्ण राज्याधिकार मिळाले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्ष यांनी अखेरपर्यंत या शाळेची धुरा वाहिली. १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

२. गायनशाळेमागील राज्यकर्त्याची दृष्टी

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. गायनशाळेचा विचार या व्यापक धोरणाच्या चौकटीत करावयास हवा. दरबारी कलावंतांचे खाते हे संस्थानात पूर्वापार होते. त्यात गवई, बीनकार, सारंगिये, तबलजी, नर्तकी, कीर्तनकार अशा अनेकांचा समावेश असे. सयाजीरावांनी या खात्याला नियम, वेळापत्रक व हजेरी यांची शिस्त लावली. कलावंताने केव्हा हजर राहावे, रजा कशी घ्यावी, कोणत्या प्रसंगी कोणती सेवा बजावावी, हे सर्व लेखी नियमांनी ठरू लागले.

या धोरणाच्या दोन बाजू होत्या. राज्याचा पैसा ज्यावर खर्च होतो त्याचा लाभ प्रजेला मिळावा, हा विचार आधुनिक होता. गायनशाळा ही त्याचीच परिणती होय. उलट, कलावंताला कारकुनाप्रमाणे नियमांत बसवण्याचे परिणाम सर्वच उस्तादांना मानवणारे नव्हते. अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा असामान्य गायक १८९० च्या दशकात काही काळ बडोद्यात होता, पण तेथे स्थिरावला नाही. त्यांच्या जाण्यामागे वैयक्तिक कारणे प्रबळ होती. फैयाज खाँ मात्र पुढे बडोदा दरबाराचे गायक म्हणून दीर्घकाळ राहिले. म्हणजेच राज्याश्रयाची जुनी रीत आणि शाळेची नवी रीत या दोन्ही बडोद्यात एकाच वेळी नांदत होत्या.

३. वर्ग, पाठ्यपुस्तक आणि स्वरलिपी

गुरु-शिष्य परंपरेत एक गुरू, थोडे शिष्य आणि अमर्याद काळ असे गणित असते. शाळेत हे गणित उलटे होते : एक शिक्षक, अनेक विद्यार्थी आणि ठरावीक तास. या बदललेल्या परिस्थितीत तीन गोष्टी अनिवार्य ठरतात. पहिली, शिकवावयाच्या भागाचा क्रम. दुसरी, सर्वांसाठी समान असा पाठ. तिसरी, वर्ग संपल्यावर विद्यार्थ्याला आधार देणारे लिखित साधन. मौलाबक्ष यांच्या कार्याचे वैशिष्ट्य हे की, त्यांनी या तिन्ही गरजा एकत्रितपणे ओळखल्या.

त्यांनी भारतीय स्वरनामांवर आधारलेली स्वतःची स्वरलिपी तयार केली. ‘संगीतानुभव’ हे त्यांचे पुस्तक १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्थानातील प्रजेच्या गुजराती व मराठी या दोन्ही भाषा लक्षात घेऊन शाळेसाठी पुस्तके सिद्ध करण्यात आली. शास्त्रीय चिजांबरोबरच विद्यार्थ्यांच्या घरी परिचित असलेली पदे व गरबे यांनाही स्वरलिपीत स्थान देण्यात आले. परिचिताकडून अपरिचिताकडे जाण्याचे जे तत्त्व आज शिक्षणशास्त्रात सांगितले जाते, त्याचेच हे उदाहरण होय.

स्वरलिपीचे कार्य समजून घेण्यासाठी आज सर्वपरिचित असलेल्या भातखंडे पद्धतीचे उदाहरण घेता येईल. तीत शुद्ध स्वराला चिन्ह नसते. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ व तीव्र मध्यमाच्या वर उभी रेघ असते. मंद्र स्वराच्या खाली व तार स्वराच्या वर बिंदू येतो. एका मात्रेत येणारे अनेक स्वर खालच्या कंसाने जोडले जातात. एवढ्या मोजक्या चिन्हांवर बंदिशीचा सांगाडा कागदावर उतरतो. तथापि मींड किती लांबवावी, आंदोलन किती संथ असावे, स्वराला कोणत्या बाजूने स्पर्श करावा, हे कागद सांगत नाही. स्वरलिपी हा स्मरणाचा आधार आहे, गायनाचा पर्याय नव्हे. मौलाबक्ष, पलुस्कर व भातखंडे या तिघांच्या पद्धती भिन्न असल्या तरी या मर्यादेतून कोणतीही पद्धत सुटलेली नाही.

असे असूनही स्वरलिपीमुळे घडलेला सामाजिक बदल दूरगामी होता. चीज छापली गेली की तिच्यावरील घराण्याचा एकाधिकार सैल होतो. ज्याच्या घरात पिढीजात गाणे नाही, अशा मुलालाही तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मिळतो. हा बदल एका उस्तादाने, स्वतः घराण्याच्या परंपरेत वाढलेल्या मुसलमान कलावंताने घडवून आणला. ‘उस्ताद विद्या लपवीत होते, सुधारकांनी ती मोकळी केली’ असे जे सरसकट विधान पाठ्यपुस्तकांतून आढळते, त्याला बडोद्याचा इतिहास छेद देतो.

४. बँडचा प्रश्न : अल्लाउद्दीन खान पठाण

एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांच्या दरबारी लष्करी धर्तीचे बँड उभे राहिले. स्वागतसमारंभ, दसऱ्याची मिरवणूक, इंग्रज अधिकाऱ्यांच्या भेटी या प्रसंगी बँड वाजणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. या बँडचे वादक बहुधा देशी असत, पण वाजवावयाचे संगीत व त्याचे लेखन पाश्चात्त्य असे. अशा बँडचे नेतृत्व करावयाचे तर स्टाफ नोटेशन, हार्मनी व वाद्यवृंद-रचना यांचे शिक्षण आवश्यक होते. हे ओळखून मौलाबक्ष यांचे पुत्र अल्लाउद्दीन खान यांना संस्थानातर्फे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये पाठवण्यात आले. डॉ. ए. एम. पठाण या नावाने ते पुढे ओळखले गेले. (मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ ही स्वतंत्र व्यक्ती होय.) परतल्यावर बडोद्यात पाश्चात्त्य संगीत व बँड यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

बँडप्रमुखाचे काम हातवारे करून ताल देण्यापुरते मर्यादित नसते. बँडमधील प्रत्येक वाद्याचा आवाका व ध्वनिगुण वेगळा असतो. काही वाद्ये तर लिहिलेल्या स्वरापेक्षा वेगळ्या उंचीवर वाजतात. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर ‘सी’ हा स्वर वाजवला असता प्रत्यक्षात ‘बी-फ्लॅट’ ऐकू येतो. त्यामुळे प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र लेखन करून ते सर्व एका एकत्रित लेखात, म्हणजे स्कोअरमध्ये, मांडावे लागते. वीस-पंचवीस वादक एकाच क्षणी वेगवेगळे स्वर वाजवणार असतील तर कानावर विसंबून भागत नाही. वर्गात स्वरलिपी सोयीची असते, तर बँडमध्ये ती अपरिहार्य असते. वडिलांनी स्वरलिपी रुजवली आणि मुलगा वाद्यवृंदाकडे वळला, हा क्रम केवळ योगायोगाचा नाही.

येथेच एक मूलभूत शास्त्रीय अडचण उभी राहते. भारतीय संगीतात षड्ज गायकाच्या सोयीने कोठेही धरता येतो आणि बाकीचे स्वर त्याच्या संबंधाने ठरतात. पाश्चात्त्य वाद्यांची जुळणी समान अंतराच्या बारा स्वरांवर असते. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर या जुळणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याशी एकरूप होणारा गंधार ५:४ या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर असतो. पंचमातील फरक जेमतेम दोन सेंटचा असल्याने तो जाणवत नाही. गंधारातील चौदा सेंटचा फरक मात्र तयार कानाला खटकतो. शिवाय कॉर्नेटसारख्या झडपांच्या वाद्यावर गायकी अंगाची लांब मींड काढणे दुरापास्त असते. त्याहून मोठा प्रश्न हार्मनीचा आहे. हार्मनीत एका वेळी अनेक स्वर उभे राहतात. रागात मात्र वर्ज्य स्वर वर्ज्यच राहावा लागतो. भूपाच्या स्वरांखाली पाश्चात्त्य नियमांप्रमाणे स्वरसंघात घातले तर मध्यम व निषाद मागल्या दाराने आत येतात आणि भूप भूप राहत नाही.

या अडचणीवर दोन उपाय संभवतात. एक, देशी सुरावटीला पाश्चात्त्य हार्मनीची जोड देणे. दुसरा, देशी वाद्यांचाच वृंद उभारून त्यात एकस्वरी चाल, स्वरांचे अष्टक-भेद, वाद्यांचे आलटून-पालटून वादन व लयीची रंगत यांवर भर देणे. बडोद्यात दोन्ही दिशांनी प्रयत्न झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथील संगीत खात्याचे काम फ्रेडिलिस या युरोपीय संगीतकाराकडे होते व भारतीय वाद्यांच्या वृंदाचे प्रयोगही त्या काळात झाले. थोड्याच काळानंतर मैहर येथे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना शिकवून उभारलेला मैहर बँड हा दुसऱ्या मार्गाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना ठरला. आकाशवाणीचा वाद्यवृंद आणि मराठी-हिंदी चित्रपटांतील संगीत-संयोजन यांनाही पुढे याच प्रश्नांना सामोरे जावे लागले.

५. १९१६ ची परिषद व नंतरचा काळ

मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली. सयाजीरावांचा आश्रय व भातखंड्यांचा पुढाकार यांतून ती घडून आली. राष्ट्रीय संगीत अकादमी, एकरूप स्वरलिपी व श्रुतींची संख्या यांसारख्या प्रश्नांवर तेथे चर्चा झाली. सांगलीचे कृ. ब. देवल व ई. क्लेमेंट्स यांनी श्रुति-हार्मोनियमच्या साहाय्याने आपली मते मांडली. समान अंतराची जुळणी आणि रागातील स्वर यांच्यातील जो विसंवाद वर सांगितला, तोच या वादाच्या मुळाशी होता. परिषदेने सर्व प्रश्न सुटले नाहीत. पण संगीत हा विद्वत्सभेत चर्चेचा विषय होऊ शकतो, हे त्यामुळे प्रस्थापित झाले.

भातखंड्यांना बडोद्याच्या शाळेची जुनी पद्धत समाधानकारक वाटली नाही. पुढे शाळेची त्यांच्या विचारांनुसार पुनर्रचना झाली आणि मौलाबक्ष यांची स्वरलिपी मागे पडली. हिरजीभाई डॉक्टर यांनी प्राचार्य या नात्याने या पुढील टप्प्यात संस्थेची घडी बसवली. एका पद्धतीने दुसरीची जागा घेणे हे शिक्षणक्षेत्रात स्वाभाविक आहे. परंतु पद्धत मागे पडली म्हणून ती जिने शक्य केली त्या संस्थेच्या संस्थापकाचे नावही मागे पडावे, हे न्याय्य नव्हे.

६. वारसा : दोन दिशा

मौलाबक्ष यांच्या वारशाची एक दिशा कुटुंबातून गेली. त्यांच्या कन्येचा विवाह रहमतखान या गायकाशी झाला होता. त्यांचे पुत्र इनायत खान ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यात जन्मले, आजोबांच्या सहवासात वाढले, मामांकडून पाश्चात्त्य संगीताची ओळख करून घेतली व तरुणपणी गायनशाळेत शिकवू लागले. १९१० मध्ये ते अमेरिकेस गेले. पाश्चात्त्य जगात सूफी विचारांचे प्रवर्तक म्हणून ते मान्यता पावले. १९२७ मध्ये दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या नूर इनायत खान हिने दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये बिनतारी संदेशवाहकाचे काम केले. सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आले व १९४९ मध्ये ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.

दुसरी दिशा संस्थेची. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू होत्या. गायनशाळेतून विकसित झालेले महाविद्यालय या विद्यापीठात समाविष्ट झाले व संगीत, नृत्य आणि नाट्य या विषयांचे पदवी शिक्षण तेथे सुरू झाले. प्रा. आर. सी. मेहता यांच्यासारखे संगीतशास्त्राचे अभ्यासक या महाविद्यालयाला प्राचार्य म्हणून लाभले. आज सुरसागर तलावाकाठी असलेली परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखा म्हणजे १८८६ च्या शाळेचे विस्तारित रूप होय.

७. मराठवाड्याच्या संदर्भात

बडोदा हे मराठी राज्यकर्त्यांचे संस्थान असल्याने तेथील प्रयोगाची तुलना मराठवाड्याशी करणे उद्बोधक ठरते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. या भागातील पहिले विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. जालना हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. संगीताची परंपरा मात्र येथे क्षीण नव्हती. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच जिल्ह्यात आहे. कीर्तन, भजन, टाळ-पखवाज यांची सामूहिक परंपरा गावोगाव आहे. अंबड येथे दत्तजयंतीनिमित्त होणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या उत्सवाला श्रोत्यांची जाण आहे. उणीव होती ती पायरीबद्ध शिक्षण देणाऱ्या, राज्याच्या आधारावर उभ्या असलेल्या संस्थेची.

आज पदवी पातळीवर संगीत शिकवले जाते, परंतु त्याचे मूल्यमापन प्रामुख्याने एकल गायन-वादनाचे असते. समूहवादन युवक महोत्सवापुरते उरते. लोकवाद्यवृंदाचा संघ महोत्सवापूर्वी काही आठवडे सराव करतो आणि स्पर्धा संपताच विखुरतो. त्याने बसवलेली रचना कागदावर राहत नाही. पुढील वर्षीचा संघ पुन्हा शून्यापासून प्रारंभ करतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत सह-अभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत व प्रयोगजीवी कलांचा त्यात समावेश होतो. संबळ, हलगी, पखवाज, बासरी व संवादिनी यांचा कायम वाद्यवृंद, प्रत्येक वाद्याचा भाग स्वरलिपी-ताललिपीत लिहून ठेवण्याची सवय आणि त्या लेखनाचे महाविद्यालयीन ग्रंथालयात जतन, एवढ्या गोष्टी फार खर्चाविना साध्य होण्याजोग्या आहेत. त्यासाठी संगीत विभाग असणेही अनिवार्य नाही. स्थानिक भजनी मंडळातील जाणकार पखवाजवादक व स्वरलिपी जाणणारा एखादा प्राध्यापक यांच्या सहकार्यातून त्याचा प्रारंभ होऊ शकतो.

निष्कर्ष

मौलाबक्ष यांच्या कार्यातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) भारतीय संगीताच्या शालेय शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत घराणेदार उस्तादांचाही वाटा होता. हे श्रेय केवळ विसाव्या शतकातील सुधारकांना देणे इतिहासास धरून नाही.

(२) स्वरलिपीने रागाचे सूक्ष्म रूप टिपता येत नाही. तरीही तिने ज्ञानाचा प्रसार व्यापक केला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

(३) बँड व वाद्यवृंद यांनी भारतीय संगीतापुढे स्वरांतर व हार्मनीचे जे प्रश्न उभे केले, ते आजही जिवंत आहेत व महाविद्यालयीन प्रयोगांना योग्य असा विषय आहेत.

(४) व्यक्तीचे कार्य संस्थेत रूपांतरित झाले तरच ते टिकते. मौलाबक्ष यांची स्वरलिपी वापरातून गेली, ज्या संस्थानाने त्यांना आश्रय दिला तेही विलीन झाले. शाळा मात्र राहिली, कारण तिच्यात दरवर्षी नवे विद्यार्थी येत राहिले. संगीताच्या अभ्यासक्रमात पलुस्कर व भातखंडे यांच्या बरोबरीने मौलाबक्ष यांच्यावरील एका पाठाचा समावेश झाल्यास हा इतिहास अधिक पूर्ण होईल.